प्रणोतीनं खोडलेला शब्द

रांझी, जबलपूर
रविवार, २२ जून २०२५

प्रणोती,

आधी आभार मानतो, बाकीचं मग. तू पत्र अर्ध्यात ठेवून दिलंस तरी एवढं तुझ्यापर्यंत पोचावं.

अकरा वर्षांपूर्वी, तू चौदाची असताना, मी टाइप केलेल्या एका अर्जावर पेन चालवलं होतंस. तू बरोबर होतीस. मी तेव्हा तीस वर्षं टाइपिंग करणारा, अख्खी कोर्ट-कचहरी मला 'खानझोडे बाबूजी, पक्का ड्राफ्ट' म्हणायची, आणि मी चूक होतो. हे मला गेल्या मंगळवारी कळलं. सांगणारी बाई तुला ओळखत नाही, पण बोलली तुझ्यासारखंच.

राहुरीचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. सहा वर्षं तू तिला फोन करतेस, मला नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. माती तपासायच्या प्रयोगशाळेत तू कायम झालीस हेही तिच्याकडूनच समजलं. तिनं त्या दिवशी शिरा केला होता. मी काही न विचारता खाल्ला.

तर मंगळवारी माझ्या टेबलासमोर इथल्याच पाटन गावाकडची एक बाई येऊन बसली. तिची पोरगी तेरा वर्षांची. पोरीचं नाव मी इथे लिहिणार नाही, आईचंही नाही. कायदा तसं सांगतो आणि तो योग्यच आहे. गावातल्याच एका एकोणतीस वर्षांच्या माणसानं पोरीला मोबाइल दिला, गोड बोलला, मग तिच्याकडून फोटो मागवले आणि ते दाखवून धमकावत राहिला. पुढे जे केलं ते लिहायची गरज नाही. बाईला एसपी साहेबांच्या नावानं अर्ज टाइप करून हवा होता. सोबत एक दीदी होती, चाळिशीची, गळ्यात ओळखपत्र. नाव दीपा. अशा मुलांच्या खटल्यात सरकारकडून एक आधार देणारी व्यक्ती नेमतात, तीच ही.

बाई रडत सांगत होती आणि माझी बोटं आपोआप चालून राहिली होती. अशा अर्जांचा साचा माझ्या हातातच बसलेला आहे. छापून दीदीच्या हातात दिला. तिनं वाचला, चष्मा काढला.

"बाबूजी, ये 'प्रेम-संबंध' किसने बनाए? तेरह साल की बच्ची ने?"

मी म्हटलं, "दीदी, यही चलता है. थाने वाले यही भाषा समझते हैं."

"चलता है, इसीलिए तो वो छूट जाते हैं."

मग तिनं माझंच पेन घेतलं. 'प्रेम-संबंध' खोडून 'लैंगिक शोषण' लिहिलं. मी 'बालिका ने फोटो भेजे' असं लिहिलं होतं, तिथे तिनं 'डरा-धमकाकर मंगवाए गए' केलं. 'अपनी मर्ज़ी से' ही ओळ तर पूर्ण काढून टाकली. म्हणाली, अठराच्या खालच्या मुलाची मर्जी कायदा मानतच नाही, मग तुम्ही कुठून आणली? शेवटी 'अश्लील फोटो' वर बोट ठेवून थांबली. मी म्हटलं, हे तर बरोबर आहे ना? हे तर कायद्याच्या पुस्तकातही आहे.

तिनं शांतपणे सांगितलं, "अश्लील बोललं की वाचणाऱ्याला वाटतं, पोरीनं काही घाण केलं. ही घाण पोरीची नाही. हा फोटो म्हणजे तिच्यावर झालेल्या गुन्ह्याचा पुरावा आहे. आणि कुणी तो पुढे पाठवला तर तो गुन्हा पुन्हा करतो." (हिंदीतच बोलली, मी मराठीत लिहून राहिलो.) वर म्हणाली, सुप्रीम कोर्टानंही गेल्या वर्षी सांगितलं की मुलांच्या बाबतीत पोर्नोग्राफी हा शब्द वापरू नका, शोषण आणि अत्याचाराची सामग्री म्हणा.

मी नव्यानं टाइप केलं. बाईनं वाचायला घेतलं. शिकलेली कमी, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत गेली. 'शोषण' वर आली तेव्हा तिचं रडणं थांबलं. म्हणाली, "मतलब मेरी बेटी ने कुछ नहीं किया." प्रश्न नव्हता तो. पदर खोचून उठली आणि सरळ एसपी ऑफिसकडे चालू लागली.

मला तुझा कागद आठवला. त्या वेळी आपल्या वकील साहेबांनी तसंच लिहायला सांगितलं होतं, नाही तर मी लिहिलं नसतं. पण जे झालं ते झालं. तुझे आभार.

बाबा


रांझी
रविवार, १३ जुलै २०२५

प्रणोती,

तुझा मेसेज आईच्या फोनवर आला. "पाटनच्या मुलीचं काय झालं ते बाबांना विचार." मी तो चारदा वाचला. त्यात 'बाबा' हा शब्द आहे म्हणून.

तर सांगतो. एफआयआर झाला, त्याच दिवशी. ठाणेदारानं अर्ज वाचला आणि एकदाही 'समझा लो, घर का मामला है' म्हटलं नाही, कारण घरचा मामला वाटेल असा एकही शब्द त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी माणूस धरला. फोटो ज्या दोन ग्रुपमध्ये गेले होते तिथून सायबर सेलनं काढवले, फोन जप्त केले. पोरीच्या शाळेतल्या बाईंना दीपा दीदी स्वतः जाऊन भेटली. पोरगी शाळेत जाऊन राहिली आहे.

आता दुसरं. मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. वकील साहेबांनी सांगितलं म्हणून मी तसं लिहिलं, असं म्हटलं होतं. वकील तेव्हा कुणी नव्हताच. मला कुणीही काहीही सांगितलं नव्हतं.

तू आईला सगळं सांगितलंस तो शनिवार होता. कॉम्प्युटर क्लासचा चिराग सर. बघ, हात अजून 'सर' लिहितो. चिराग एकतीस वर्षांचा होता, तू चौदाची. धमकावायला त्यानंही तुझे फोटो ठेवले होते. आईनं मला सांगितलं आणि मी सोमवारी कचहरीतल्या टाइपिस्टांच्या शेडमध्ये बसून अर्ज टाइप केला. मनात एकच होतं, की हा कागद कुणाकुणाच्या हातात जाईल. रांझीच्या फॅक्टरीतले शेजारीपाजारी वाचतील, आपली माणसं वाचतील. बलात्कार, अत्याचार असले शब्द माझ्या पोरीच्या नावापुढे मला बघवत नव्हते. म्हणून मी नरम शब्द शोधला. 'प्रार्थी की पुत्री का उक्त शिक्षक से प्रेम-संबंध हो गया था.' मला वाटलं मी तुला झाकून राहिलो. झाकलं मी त्याला.

संध्याकाळी तू तो वाचलास. निळ्या पेननं 'प्रेम-संबंध' दोनदा खोडलंस आणि बाजूला मराठीत लिहिलंस, "सरांनी केलं. मी नाही." मी म्हटलं, "तुला कोर्टाची भाषा काय समजते?" आणि सकाळी दुसरी प्रत काढून तीच जुनी वाक्यं ठाण्यात दिली.

तिथे काय झालं ते तुला आईनं कधी सांगितलं नसेल. तक्रारी लिहून घेणाऱ्या मुंशीनं पहिली ओळ वाचली, हसला, म्हणाला, "अच्छा, प्रेम-प्रसंग है." एफआयआर झालाच नाही. चौथ्या दिवशी चिरागचा भाऊ दोन माणसं घेऊन आला आणि मी राजीनाम्यावर सही केली. कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता. आपल्या मराठीत राजीनामा दिला म्हणजे सोडून गेला. मी सही केली आणि पाच वर्षांनी तू घर सोडलंस. तोवर घरात आम्ही सगळे त्याला 'तिचं प्रकरण' म्हणायचो. तुझं. जसं काही तू ते आणलं होतंस. आत्याच्या विजूच्या लग्नात तिनंच चार बायकांसमोर "प्रकरणवाली" म्हटलं, तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी जेवणाच्या पंगतीकडे बघत राहिलो. तू त्याच आठवड्यात गेलीस.

हे लिहून मी सूट मागून नाही राहिलो. तू चौदाची असताना बरोबर शब्द तुला माहीत होता आणि तू तो लिहून ठेवलास, याचे आभार. तू लिहिलं नसतंस तर आज माझी चूक पकडायला माझ्याकडे काही नसतं. तो कागद आईनं जपून ठेवला आहे. मला परवापर्यंत माहीत नव्हतं. मी दीपा दीदीची गोष्ट सांगितली तेव्हा ती उठली, लोखंडी पेटीतल्या शालूच्या घडीतून काढला, माझ्यासमोर ठेवला आणि भाजी चिरायला गेली.

दीपा दीदीला मी विचारलं. तुझं नाव न सांगता. ती म्हणाली, असल्या गुन्ह्याला मुदत नसते, मूल मोठं झाल्यावरही तक्रार देऊ शकतं, पण ते फक्त त्याच्या मनावर आहे, बापाच्या नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. तू काही करावंस असं मी म्हणत नाही. काही नाही केलंस तरी मी तुझाच आभारी.

दीदीचा नंबर पाठीमागे लिहिला आहे.

बाबा


रांझी
रविवार, १० ऑगस्ट २०२५

प्रणोती,

तू इथे येऊन तक्रार देऊन परत गेलीस त्याला नऊ दिवस झाले. पोचल्याचा मेसेज या वेळी माझ्या फोनवर आला. आईला तो मी दाखवला, तिनं वाचला आणि म्हणाली, "मलेही आला आहे, काही विशेष नाही." पण हसली.

तू लॉजवर उतरलीस तेव्हा मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण तिसऱ्या दिवशी घरी जेवायला आलीस आणि दुसऱ्यांदा वरण मागितलंस. मी सध्या तेवढ्यावर आहे. पुष्कळ आहे ते.

महिला ठाण्यातलं तुला अर्धंच माहीत आहे, कारण तुझा जबाब चालू असताना मी बाहेर बाकावर होतो. तपास करणाऱ्या क्षमा मॅडमनी तुझा जबाब झाल्यावर मला आत बोलावलं. तू तेव्हा आईसोबत पाणी प्यायला गेली होतीस. मॅडमसमोर जुना अर्ज होता, माझा, २०१४ चा. रेकॉर्डमधून निघाला.

त्या म्हणाल्या, "बाबूजी, बिटिया का बयान मजबूत है. पर उनका वकील यही कागज़ निकालेगा. कहेगा, बाप ने खुद लिखा था, प्रेम-संबंध."

मी म्हटलं, "लिखा था."

"बेटी ने ऐसा कहा था?"

"नहीं. उसने तो काट दिया था. मैंने फिर भी वही दिया."

मॅडमनी पेन ठेवलं. "ये आप अदालत में कहेंगे? सबके सामने पूछेंगे आपसे. आपका तो रोज़ का उठना-बैठना है वहाँ."

प्रणोती, तुला खरं सांगतो. त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोर शेड आली. तिथले पंधरा टाइपिस्ट, वकील, जे माझ्याकडून ड्राफ्ट करून घेतात. 'खानझोडेनं स्वतःच्या पोरीचं बोलणं बदललं.' हे उद्या चहाच्या टपरीवर असणार. मग तू दारात दिसलीस, हातात पाण्याची बाटली, आणि तू मॅडमना विचारलंस, "मी 'संबंध' असं कुठे म्हटलेलं नाही ना? एकदा वाचून बघू का?" पूर्ण जबाब तू उभ्यानं परत वाचलास. एका ठिकाणी 'मुलाकातें' लिहिलं होतं, ते तू बदलून घेतलंस. "बुलाया जाता था" करवलंस. चौदाव्या वर्षी जे केलंस तेच पंचविसाव्या वर्षी, आणि या वेळी समोरच्या माणसानं पेन तुझ्या हातात दिलं.

मी म्हटलं, "मॅडम, मेरा भी बयान लिखिए. वो शब्द मेरे थे. बच्ची के नहीं."

तुझा खोडलेला कागद त्यांनी पंचनामा करून जमा केला. माझ्या जबाबावर मी सही केली. आपण बाहेर आलो. रिक्षात बसताना माझी पिशवी तू घेतलीस. मी ती परत मागितली नाही.

काल राखी होती. आत्या आली. ओवाळून झाल्यावर तिनं पेढा मोडता मोडता विचारलं, "काहून रे दादा, ते जुनं प्रकरण पोरीनं पुन्हा काहून उकरलं? आता लग्न कोण करल तिच्याशी?" मी तोंड उघडणार तोच तुझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बेबी, जी अकरा वर्षं या विषयावर एक वाक्य बोलली नाही. हातात पुऱ्यांची परात.

"ताई, प्रकरण नका म्हणू. माझ्या लेकरावर त्या माणसानं अत्याचार केला. अत्याचार. म्हणा बरं एकदा."

आत्यानं पेढा ताटात ठेवला. मग हळूच, तोंडातल्या तोंडात, म्हणाली. बेबीनं तिच्या ताटात दोन गरम पुऱ्या वाढल्या. आत्या जाताना दारात रडली आणि विचारलं, पोरगी माझा फोन उचलेल का? मी म्हटलं, माहीत नाही. उचलायचा की नाही ते तू ठरव.

बाबा


रांझी
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रणोती,

चिरागला कटनीत धरल्याचं तुला क्षमा मॅडमनी कळवलंच असेल. जामिनाचा अर्ज फेटाळला. त्याच्या वकिलानं अपेक्षेप्रमाणे माझा जुना कागद काढला. सरकारी वकिलानं त्यावर माझा जबाब ठेवला. मी मागच्या बाकावर होतो. जज साहेबांनी दोन्ही वाचले आणि विचारलं, वडील हजर आहेत का? मी उभा राहिलो. त्यांनी फक्त मान हलवली.

शेडमध्ये मला वाटलं होतं ते झालं. दोन वकिलांनी येणं सोडलं. एकानं तोंडावर विचारलं, "अपनी ही लड़की का बयान बदल दिया था?" मी म्हटलं, "हाँ, इसीलिए अब किसी का नहीं बदलता." पण तिसऱ्या दिवशी शेजारचे तिवारीजी खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांच्याकडे एका दहा वर्षांच्या मुलाचा अर्ज आला होता. विचारून राहिले होते, "भैया, इसमें 'गंदी हरकत' लिखूँ कि क्या लिखूँ?" मी दीपा दीदीला फोन लावून दिला. आता तिनं छापलेली एक यादी आमच्या शेडच्या खांबावर लागली आहे, कोणता शब्द लिहू नका आणि का. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, ही तिची पहिली ओळ आहे.

अटकेच्या दिवशी एका वर्तमानपत्राचा बातमीदार कचहरीत आला होता. आलोक नाव, तिशीचा, भला माणूस. बातमी मोबाइलवर लिहूनच राहिला होता. मी म्हटलं दाखव. मथळा होता, 'ग्यारह साल पुराने प्रेम-प्रसंग में शिक्षक गिरफ्तार, अश्लील फोटो का भी मामला'.

मी म्हटलं, "बेटा, चौदा वर्षांच्या पोरीशी एकतीस वर्षांच्या माणसाचा प्रेमप्रसंग असतो का?"

"अंकल, लोग यही पढ़ते हैं. इसी पर क्लिक आता है."

"क्लिक करून लोक काय शोधतील? ते फोटोच ना?"

त्यानं मोबाइल खाली घेतला. मी त्याला सांगितलं, ती पोरगी माझी आहे, नाव छापायचं नाही, माझंही नाही, पण हा शब्द एकदा मी लिहिला होता आणि त्यानं काय झालं ते ऐक. उभ्याउभ्या ऐकलं त्यानं सगळं. मग म्हणाला, "क्या लिखूँ, आप बताइए." दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'बच्ची के यौन शोषण का आरोपी शिक्षक ग्यारह साल बाद गिरफ्तार'. चार ओळींची बातमी, सातव्या पानावर.

ती चार ओळींची बातमी इथून जवळच्या सिहोऱ्यात एका बाईनं वाचली. चोवीस वर्षांची आहे, एक लहान मुलगा आहे. तिनं वर्तमानपत्राला फोन केला, आलोकनं तिला दीपा दीदीचा नंबर दिला, आणि गुरुवारी दीदी तिला घेऊन माझ्या टेबलाशी आली. इथून गेल्यावर चिरागनं सिहोऱ्यात क्लास काढला होता. ती तेव्हा पंधराची होती.

तिनं सांगितलेलं एक वाक्य मी तुला तसंच लिहितो. "नौ साल से मैं सोचती थी कि मैंने गलत प्यार किया था. अखबार में वो शब्द पढ़ा तो समझ में आया कि मेरे साथ क्या हुआ था."

मी तिला माझ्याबद्दल लपवलं नाही. दीदी नको म्हणत होती, मी तरी सांगितलं. म्हटलं, बेटा, मी २०१४ मध्ये खरे शब्द लिहिले असते तर तो तुझ्या गावाला पोचलाच नसता. तिनं खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं उठून जाईल, आणि गेली असती तर तिचं काही चुकलं नसतं. ती म्हणाली, "तो अब ठीक से लिख दीजिए, बाबूजी."

मी लिहिलं. ती बोलली तसं, तिच्याच शब्दांत, दर ओळीनंतर वाचून दाखवत. दोन तास लागले. तिनं दोन ठिकाणी दुरुस्त केलं. मी दोन्हीदा धन्यवाद म्हटलं.

तुझ्यामुळे मला हे काम आता करता येतं, वयाच्या साठीत. पूर्वी मी फक्त टाइप करायचो. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून जमलेलं नाही, म्हणून पत्रं लिहून राहिलो.

निघताना त्या बाईनं विचारलं, ज्या मुलीनं आधी तक्रार केली तिच्याशी एकदा बोलता येईल का? मी तुझं नाव सांगितलं नाही, नंबर दिला नाही. म्हटलं, तिला विचारतो. ती नाही म्हणाली तर नाही.

ती बुधवारी पुन्हा येणार आहे. तुला वाटलं तर सांग, वाटलं नाही तर तेही सांग. मी तिला तुझं उत्तर तुझ्याच शब्दांत देईन.

बाबा